वर्तणूक : चांगली

कर्जतच्या सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावर माझं टेबल आहे. कागद लिहून देणं हा माझा धंदा. वारसनोंदीचा अर्ज, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र, आणि मधूनच एखाद्याचा सख्ख्या भावाविरुद्धचा तक्रारअर्ज, जो दुसऱ्या दिवशी तोच येऊन फाडून टाकायला सांगतो. (पैसे मी दोन्ही वेळी घेत नाही. लिहिण्याचे घेतो, फाडण्याचे सोडतो.) कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके एकाच प्रांताधिकाऱ्यांकडे, त्यामुळे नेरळ-कशेळ्यापासून चौक-वावोशीपर्यंतची माणसं या रस्त्याला येतात.

या सगळ्या कागदांत एक इंग्रजी शब्द सतत डोकावतो. शाळेच्या दाखल्याच्या इंग्रजी बाजूला तो आहे, सिक्युरिटी कंपनीच्या फॉर्मवर आहे, कारखान्याच्या चार्जशीटमध्ये तर ठळक टायपात आहे. शब्द आहे कंडक्ट. मराठी कागदात त्याची वर्तणूक होते, पोलिसांच्या जुन्या कागदात चालचलणूक, निवडणुकीत आचार, आणि खोपोलीच्या कारखान्यांच्या गेटवर नुसतंच 'कंडक्ट'. शब्दकोशात पाहिलं तर 'वागण्याची रीत' एवढंच सापडतं. पण या शब्दाने माणसाला नोकरी लागते, लागलेली जाते, आणि कधीकधी चांगल्या घरच्या माणसाला जामीनदार शोधत गावभर फिरावं लागतं. तेव्हा तो जरा नीट समजून घेतलेला बरा.

वागण्यासाठी इंग्रजीत शब्द बरेच आहेत. बिहेवियर कुणाचंही असतं. माथेरानची माकडं पर्यटकाच्या हातातला पुडा हिसकावतात, ते त्यांचं बिहेवियर. यंत्राचं असतं, बाजारभावाचं असतं, पावसाळ्यात उल्हास नदीचंही असतं. मॅनर्स हे दारातले आणि पंगतीतले. चपला कुठे काढायच्या, शेजारच्याचं जेवण होईपर्यंत पानावरून उठायचं नाही, निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. कंडक्ट मात्र माणसाचंच, आणि तेही ज्याला जाब विचारता येतो अशा माणसाचं. सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून काहीही घडलं तरी तो गुन्हा धरत नाहीत. आधी दंडसंहितेच्या कलम ८२ मध्ये हे होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २० मध्ये आहे. शाळा मात्र पहिलीपासूनच वर्तणूक लिहू लागते, म्हणजे या बाबतीत गुरुजी कायद्याच्याही एक पाऊल पुढे. थोडक्यात, कंडक्ट म्हटलं की कुठेतरी एक रजिस्टर आलं आणि ते लिहिणारा माणूस आला.

मूळ लॅटिन आहे. 'कॉन' म्हणजे बरोबर, 'ड्यूकेरे' म्हणजे नेणं. माणसं सांभाळून नेतो तो कंडक्टर, वीज नेणारी तार तीही कंडक्टर, आणि स्वतःला सांभाळत नेणं ते स्वतःचं कंडक्ट. एसटीने आपल्या कागदांवर 'वाहक' केलं, पण कर्जत स्टँडवर 'ओ वाहक, एक कशेळे द्या' अशी हाक मी अजून ऐकलेली नाही.

आता रजिस्टराकडे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो 'प्रगती', त्याखाली 'वर्तणूक', आणि आणखी खाली 'शाळा सोडण्याचे कारण'. हे दाखले मी इतके पाहिले आहेत की रकान्यात काय असेल ते कागद उलगडण्याआधी सांगतो. वर्तणूक: चांगली. 'वाईट' लिहिलेला दाखला माझ्या टेबलावर कधी आला नाही. अपवादाने 'बरी' दिसते, तेव्हा समजावं की त्या पोराने शाळेला चांगलंच जेरीस आणलं असणार.

आमच्याकडे दिवाळी झाली की कातकरी वाड्या रिकाम्या होतात. माणसं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, पोरं बरोबर जातात, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. चौथीच्या हजेरीपटावर नाव असलेला मुलगा वर्गात बसलेला असतो थोडेच महिने. पुढे मोठा झाल्यावर जातीच्या दाखल्यासाठी त्याला शाळेचा कागद लागतो आणि तो माझ्याकडे येतो. दाखल्यावर प्रगती 'बरी', शाळा सोडण्याचं कारण 'सततची गैरहजेरी', आणि वर्तणूक 'चांगली'. गुरुजींनी त्याचं वर्तन पाहिलं कधी, असा प्रश्न पडू शकतो. मी तो विचारत नाही. वाईट लिहून एखाद्याची वाट कशाला अडवा, एवढा भलेपणा त्या एका शब्दात असतो आणि तो मला मान्य आहे. पण त्यातून शब्दाचा कचेरीतला अर्थ उघड होतो. कागदावर वर्तणूक चांगली म्हणजे तुमच्याविरुद्ध कुणी काही लिहून ठेवलेलं नाही, इतकंच. तुम्ही शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलंत, याला त्या रकान्यात जागा नाही.

नोकरीच्या वेळी हाच अर्थ आणखी घट्ट होतो. एक्स्प्रेसवे झाला, २०१३ मध्ये खालापुरात इमॅजिका हे मनोरंजन उद्यान उभं राहिलं, रिसॉर्ट आणि फार्महाऊस डोंगराच्या पोटापर्यंत गेले. या प्रत्येक फाटकावर रखवालदार लागतो. खाजगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याने रखवालदाराचं चारित्र्य आणि पूर्वेतिहास तपासणं सक्तीचं केलं. त्यामुळे गावातली पोरं दोन कागद मागायला येतात आणि दोन्हींत गल्लत करतात. एक सरपंचाचा किंवा एखाद्या अधिकाऱ्याचा: 'मी यांना लहानपणापासून ओळखतो, माझ्या माहितीप्रमाणे यांची वर्तणूक चांगली आहे.' हे झालं मत. त्यातले 'माझ्या माहितीप्रमाणे' हे दोन शब्द सही करणाऱ्याची ढाल, ते मी कधी गाळत नाही. दुसरा कागद पोलिसांचा, चारित्र्य पडताळणीचा. तिथे मत नसतं, नोंद असते. गुन्हा दाखल आहे का, प्रकरण कुठवर आलंय, एवढंच ते पाहतात. सरपंचांनी कितीही गोड लिहिलं तरी दुसऱ्या कागदाची जागा पहिला घेत नाही.

मग येते चॅप्टर केस. गणपती, निवडणूक, नाहीतर गावकीतलं बांधावरून झालेलं भांडण, यांतलं काही जवळ आलं की हा शब्द या रस्त्यावर दिवसभर ऐकू येतो. 'माझ्यावर चॅप्टर टाकलाय' म्हणत माणूस येतो, चेहरा असा की आता तुरुंगच. त्याला आधी चहा पाजावा लागतो.

चॅप्टर म्हणजे धडा, पुस्तकातला. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आठव्या प्रकरणात शांतता आणि चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन घेण्याची कलमं होती. १९७३ ची नवी संहिता आली, तेव्हाही ती आठव्याच प्रकरणात राहिली. पोलिसांनी प्रकरणालाच नाव करून टाकलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तीच कलमं नवव्या प्रकरणात गेली, १०७ चं १२६ झालं, ११० चं १२९ झालं. लोक अजून 'एकशेसात' आणि 'चॅप्टर' म्हणतात, आणि मीही म्हणतो.

हातात नोटीस घेऊन आलेला माणूस पहिलं वाक्य ठरलेलं बोलतो. "काका, मी कायच केला नाय."

"केलं म्हणून नाहीच ही. करशील म्हणून आहे."

हे पटायला वेळ लागतो, कारण नोटीस शिक्षेसारखीच दिसते. शाळेचा दाखला मागच्या वागण्याबद्दल असतो, हा कागद पुढच्या. तुमच्याकडून शांतताभंग होईल अशी माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आली, म्हणजे आमच्याकडे तहसीलदार किंवा प्रांतांकडे, तर ते विचारतात: ठराविक मुदतीपर्यंत नीट वागण्याचं बंधपत्र तुमच्याकडून का घेऊ नये, याचं कारण दाखवा. १२६ खाली ही मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. सराईत गुन्हेगार म्हणून १२९ लावलं तर तीन वर्षांपर्यंत. माहिती काय आली, बंधपत्र किती रकमेचं, किती मुदतीचं, हे दंडाधिकाऱ्याने लेखी आदेशात द्यावं लागतं. तुम्हाला तुमची बाजू मांडता येते, वकील देता येतो. खास कारण नोंदवलं नाही तर चौकशी सहा महिन्यांत संपते, आणि बंधपत्राच्या आदेशावर सत्र न्यायालयात अपील करता येतं. खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. आदेश झाल्यावर बंधपत्र किंवा जामीनदार दिला नाही, तर मात्र आत जावं लागतं. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला संध्याकाळपर्यंत जामीनदार मिळतो. ज्याच्या नावावर घराखालची जागाही नाही, अशा वाडीतल्या माणसाला जामीनदार कुठून मिळायचा? दोघांची वर्तणूक एकसारखी असली तरी एक जण घरी जातो आणि दुसरा जात नाही. कलमात काही खोट नसेल. ते उतरतं कुठल्या जमिनीवर, हे पाहिलं पाहिजे.

कंडक्टची नोंद कुणाच्या हातात आहे, यावर किती अवलंबून असतं, याचं आमच्या मातीतलं उदाहरण भाई कोतवालांचं. माथेरानला १९१२ मध्ये जन्मलेले, वकील झालेले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेले. दाखल्यासाठी याहून चांगला अर्जदार कुठून आणायचा? टाटांची खोपोलीची वीज १९१५ पासून आणि भिवपुरीची १९२२ पासून याच मुलखातून मुंबईला जात होती. १९४२ च्या लढ्यात कोतवालांच्या आझाद दस्त्याने त्या तारांचे मनोरे पाडले. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावलं, आणि २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडावर ते पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. आज त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत. त्या वेळच्या सरकारी दप्तरात त्यांच्या वर्तणुकीपुढे काय शेरा असेल, त्याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही.

खालापूरच्या बाजूचा माणूस मात्र कंडक्ट म्हटलं की त्याच्या उलट शब्दाने घाबरतो: मिसकंडक्ट. गैरवर्तन. खोपोली, सावरोली, चौक या पट्ट्यात कारखाने आले आणि भातशेती करणाऱ्या घरांतली मुलं त्यांत लागली. १९४६ च्या कायद्याने मोठ्या कारखान्यांना स्थायी आदेश ठरवून द्यावे लागले, म्हणजे कामाच्या अटी आणि गैरवर्तनाची यादी छापील. यादीत चोरी, लबाडी, मारामारी, वरिष्ठाचा हुकूम जाणूनबुजून मोडणं, वारंवार उशिरा येणं आहे. आणि त्यातच आहे, विनापरवानगी सलग दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी.

या दहा दिवसांनी जुलैत माझं टेबल भरतं. लावणी कुणासाठी थांबत नाही. पाऊस लागला, रोप तयार झालं, की आठ-पंधरा दिवस घरात दोन हात जास्त लागतात. मजुरी परवडत नाही, बापाची कंबर गेलेली, भाऊ पनवेलला. पोरगा सुपरवायझरला तोंडी सांगतो, 'लावणी हाय, चार दिस जातो', चाराचे बारा होतात, आणि चिखलातून पाय काढून कारखान्यात जातो तर हातात शोकॉज. मागच्या वर्षी चौककडचा एक जण असा आला होता. कारखान्याचं नाव मला ठाऊक आहे, इथे नको. चार्जशीटमध्ये लिहिलं होतं, 'तुमचे हे कृत्य गंभीर गैरवर्तन आहे.' त्याने ते मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "गावात इचारा. मी लावणीला नसतो गेलो तर लोक काय बोलले असते?"

त्याचं म्हणणं खरं होतं. बाप आजारी असताना पोरगा शेतावर आला नाही, तर गाव त्याला नालायक ठरवतं. गेला, तर कारखाना ठरवतो. एकाच माणसाचं एकच वागणं, दोन रजिस्टरांत दोन शेरे. गावाचं रजिस्टर लिहिलेलं नसतं, म्हणून चौकशीत ते पुरावा होत नाही. मी त्याचं उत्तर लिहिलं त्यात भावनेची एक ओळही घातली नाही. सातबाऱ्याची नक्कल जोडली, वडिलांच्या दवाखान्याचे कागद जोडले, सुपरवायझरला कोणत्या तारखेला सांगितलं ते लिहिलं, आधी कधी गैरहजेरी नव्हती ते लिहिलं. कामगार गैरहजर होता, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. का होता आणि कळवलं होतं का, हे मांडण्यात होता. त्याला ताकीद देऊन परत घेतलं. त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या एकाने उत्तरच दिलं नव्हतं. 'मी गेलो होतो शेतावर, त्यात काय लिहायचं?' असं तो म्हणाला. त्याची एकतर्फी चौकशी झाली. नोकरी राहिली नाही.

सरकारी नोकरांसाठी तर 'वर्तणूक' हे नियमाचंच नाव आहे, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. भेटवस्तू कोणत्या घ्यायच्या, जमीनजुमला घेतला तर कळवायचं, पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न करायचं नाही, इथपर्यंत त्यात आहे. आमच्या रस्त्यावर कर्मचारी आणि अर्जदार दोघंही असतात, म्हणून यावर मी जास्त बोलत नाही.

निवडणुकीची आचारसंहिता हाही कंडक्टचाच अवतार, कोड ऑफ कंडक्ट. १९६० मध्ये केरळच्या निवडणुकीत ती प्रथम आली, १९७९ मध्ये सत्तेवरच्या पक्षासाठीचा भाग तिला जोडला गेला, आणि टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना तिला खरे दात आले. ती आहे पक्षांसाठी, उमेदवारांसाठी, मंत्र्यांसाठी. आमच्याकडे मात्र सुतक लागावं तशी ती सगळ्या गावाला लागते. 'आचारसंहिता लागली' म्हटलं की रस्त्याचं काम थांबतं, हातपंपाची दुरुस्तीही थांबते. आधीच सुरू असलेलं काम तिच्यामुळे बंद पडत नाही, हे मी माणसांना सांगतो. सांगून फारसा उपयोग होत नाही, तो भाग वेगळा.

एका ठिकाणी मात्र या शब्दाचा अर्थ मला फार आवडतो, तो पुराव्याच्या कायद्यात. घटनेच्या आधीचं आणि नंतरचं माणसाचं वर्तन न्यायालय पाहू शकतं. जुन्या कायद्यात कलम ८, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६. मारामारीनंतर कोण पळून गेला, कोणी जखमीला उचललं, कोणी कोयता विहिरीत टाकला. आणि तिथेच स्पष्ट केलंय की नुसतं बोलणं हे वर्तन धरत नाहीत, कृतीच्या बरोबरीने आणि ती उलगडणारं बोलणं असेल तरच. म्हणजे कंडक्ट हे केलेलं असतं, बोललेलं नव्हे. त्याच कायद्यात आणखी एक शहाणपण आहे. फौजदारी खटल्यात आरोपी आपलं चारित्र्य चांगलं असल्याचं दाखवू शकतो, पण तो वाईट चालीचा आहे असं सरकार पक्ष आपणहून पुढे करू शकत नाही. आरोपीने चांगलेपणाचा पुरावा दिला तरच त्याला उत्तर म्हणून ते येतं. काहींना हे चोराला संरक्षण वाटतं. मला वाटतं, असं नसतं तर वाडीवरच्या प्रत्येक चोरीत पहिली धाड ठरलेल्या चार झोपड्यांवर पडली असती, आणि खटलाही तिथेच संपला असता.

१९५८ चा परिवीक्षेचा कायदाही याच रांगेतला. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेला गुन्हा नसेल, तर न्यायालय दोषी ठरलेल्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडू शकतं. पहिल्यांदा चुकलेल्या पोराच्या बापाने वकिलाला याबद्दल जरूर विचारावं. बहुतेक जण विचारत नाहीत, कारण असं काही असतं हेच ठाऊक नसतं.

या रस्त्यावर बसून माझं जे काही शिकणं झालं त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगतो. मुलाचा दाखला शाळेतून घेताना तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख, जात आणि वर्तणूक हे रकाने वाचा. शाळा सुटल्यावर दुरुस्ती फार जिकिरीची होते. नोटीस आली तर आधी कलम आणि तारीख पाहा. १२६ ची नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे, पण तारीख चुकवली तर वॉरंट निघू शकतं. बंधपत्र द्यायचं ठरलं तर रक्कम आणि मुदत वाचून मगच अंगठा उठवा, आणि नक्कल मागा. कारखान्याच्या शोकॉजला मुदतीत लेखी उत्तर द्या, खरं तेच लिहा, कागद जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय गेट सोडू नका. लावणीला जायचं असेल तर रजेचा अर्ज जूनमध्येच द्या. दोन ओळींचा असतो. लिहायला माणूस नसेल तर माझ्याकडे या, त्याचे मी काही घेत नाही.